भाडेकरू निरंक

“बाळंतीण असू दे न्हाईतर आनखी कुनी, दहाच्या आत खोली रिकामी दिसली पायजे,” सहादेव म्हणाला.

चौथ्या खोलीच्या दारात बन्सी उभा होता. मागे त्याची बायको छबूबाई पाच दिवसांच्या पोराला कुशीत घेऊन पडली होती.

“मालक, आज पाचवी हाय,” बन्सी म्हणाला. “सटवाई पुजल्याबिगर तिला भाईर काढता येत न्हाई.”

“मग बाजारतळावर पूज.”

सहादेवाचं डोकं पहाटेपासून तापलेलं होतं. श्रीगोंद्यात घराच्या मागच्या अंगाला त्यानं पत्र्याच्या चार खोल्या काढून भाड्यानं दिल्या होत्या, आणि आज नगरपालिकेचा माणूस पाहणीला येणार होता. कोण राहतं, कशाच्या हक्कानं राहतं, सगळं वहीत लिहून नेणार होता. त्या वहीचंच तर दुखणं होतं. पंधरा वर्षांपूर्वी असाच एक माणूस वही घेऊन बांधावर आला, सहादेवाच्या वाटेकऱ्याचं नाव कूळ म्हणून लिहून गेला, आणि सात एकर काळी जमीन डोळ्यांदेखत त्या वाटेकऱ्याची झाली. आता या खोल्या तेवढ्या उरल्या होत्या. शेतीचा कायदा खोल्यांना लागत नाही, असं चार शहाण्या माणसांनी त्याला सांगून पाहिलं. पण दुधानं तोंड पोळलेल्या माणसाला काय सांगणार? मेलो तरी सरकारी वहीत भाडेकरू लिहू द्यायचा नाही, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

पहिल्या तीन बिऱ्हाडांना त्यानं सकाळीच बाजाराला पिटाळलं होतं आणि दारांना कुलपं ठोकली होती. हा बन्सी तेवढा अडून बसला होता.

“पावसाळाभर पत्रा गळला, तुमी बदलला न्हाई,” बन्सी हळूच म्हणाला. “आता वल्या बाळातनीला उनात काढता व्हय?”

“लई बोलू नगंस.” सहादेवानं दात खाल्ले. सुईण ओट्यावरच बसली होती. बाळंतिणीला ओढून बाहेर काढलं असतं, तर तिनं गावभर बोंब मारली असती. “बरं, ऱ्हा. पन आजच्या दिस तू माझा धाकटा भाऊ. मालक म्हनलास तर याद राख. दादा म्हन बघू.”

बन्सी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

“दादा,” तो शेवटी म्हणाला.

“बापाचं नाव?”

“गेनू.”

“आरं, रंगनाथ म्हनायचं. माझ्या बापाचं.”

“रंगनाथ,” बन्सी म्हणाला. आडनाव तेवढं दोघांचं आधीच एक होतं.

दहाच्या सुमाराला सुमंत नावाचे नवे तपासनीस आले. मान खाली घालून लिहिणारा माणूस. सहादेवाला तो बघताक्षणीच नकोसा झाला.

“भाडेकरू किती?”

“एकबी न्हाई सायब. तीन खोल्यांत कडबा हाय न् पोती. हितं धाकटा भाऊ ऱ्हातो.”

सुमंतांनी चौथ्या खोलीत डोकावलं. छबूबाईनं सहादेवाला पाहून पदर नाकापर्यंत ओढला, थोरल्या दिरासमोर ओढावा तसा. सोंग बरं वठवते, सहादेवाला वाटलं.

“पुतण्या का?” सुमंतांनी विचारलं.

“व्हय.” सुमंत बघत होते, म्हणून सहादेवानं खिशातून रुपया काढला आणि पोराच्या मुठीत ठेवला. भाडेकऱ्याच्या पोराला रुपया. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“घर कोणाच्या नावावर?”

“वडलांच्याच. वारून बारा वर्सं झाली, पन नाव बदलायचं ऱ्हाऊन गेलं.”

“भावंडं किती तुम्ही?”

“आमी दोगंच.”

“मग दोघांच्याही सह्या लागतील.”

सरकारी माणसाला सह्यांचं भारी वेड, सहादेव मनात करवादला. कागदावर बोट ठेवून त्यानं एकच रकाना शोधला. तिथं ‘भाडेकरू : निरंक’ असं लिहिलं होतं.

“निरंक म्हंजी?”

“एकही नाही.”

एवढं ऐकलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. बाकीचं वाचायच्या भानगडीत न पडता त्यानं झोकात सही केली. त्याच्याखाली बन्सीनं एकेक अक्षर कोरत केली. सुमंतांनी दोघांना एकेक नक्कल दिली आणि जाताना नवीन पुतण्याबद्दल पेढे मागितले. घरात पेढे नव्हते, मग गूळ-शेंगदाण्यावर भागवावं लागलं. त्याचाही सहादेवाला राग आला.

दुपारी बाजार करून बिऱ्हाडं परतली, कुलपं निघाली. सहादेव ओट्यावर पान लावत बसला होता. वहीचं संकट टळलं होतं, पण सकाळचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं. गळक्या पत्र्याचा जाब विचारतो म्हणजे काय? आज पत्रा मागतो, उद्या खोली मागेल. असल्या माणसाला ठेवायचाच नाही.

“बन्सी,” त्यानं हाक मारली. “बारसं झालं की बिऱ्हाड हलीव. मला तुजी कटकट नगं.”

आत छबूबाई सटवाईपुढं पाटा मांडत होती. तिचे हात थांबले. बन्सीनं तिच्याकडं एकवार पाहिलं आणि तो बाहेर आला. चार वर्षं तो ओट्याखालीच उभा राहायचा, हातात चपला घेऊन. आज त्यानं चपला खाली काढल्या, वर आला आणि सहादेवाच्या शेजारी मांडी घालून बसला. पानाच्या डब्यातली सुपारीही त्यानं न विचारता उचलली.

“कानानं ऐकू येतंय का?” सहादेव कडाडला.

“येतंय की.” बन्सीनं खिशावरून हात फिरवला. सकाळची नक्कल आत घडी करून ठेवलेली होती.

“दादा,” तो म्हणाला, “वाटनीला पंच कोन कोन बोलवायचं, ते तेवडं तुमीच ठरवा. थोरले तुमी हाय.”