कुशीवरची रेघ

भाऊ खोलीत शिरला तोच बाही कोपराच्या वर दुमडत.

“माझं रक्त घ्या,” तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला. “दर खेपेला तिलाच काय टोचता?”

“अहो, आधी बसा तरी.”

तपासणीच्या पलंगावर त्याची बहीण पाय हलवत बसली होती. वय बावन्न, काम पोहायला शिकवण्याचं. दोन वर्षांपूर्वी तिने या धाकट्याला आपली एक किडनी दिली. किडनी त्याच्या पोटात गुण्यागोविंदाने नांदली. हिच्या कुशीवरचा व्रण मात्र दोरीसारखा जाड झाला. सारखी खाज, आणि हात वर केला की ओढ. पाण्यात उतरणंच सुटलं. सहा महिन्यांपूर्वी तो व्रण कापून नव्याने शिवला आणि तिच्याच रक्तातून काढलेलं औषध तिथे टोचलं. मग पुन्हा एकदा. आजची तिसरी खेप. व्रण परत वर येतोय की बसलाय, ते आज कळायचं होतं.

“रक्त यंत्रात गरगर फिरवायचं,” बाई भावाला समजावू लागल्या. “तांबडं खाली बसतं, वर पिवळसर पाणी राहतं. जखम भरून आणणारे कण त्यात दाटलेले असतात. पण इथे ज्याचं त्यालाच द्यायचं. दुसऱ्याचं नाही घेत आम्ही.”

“वा रे न्याय! तिची अख्खी किडनी मला चालते, आणि माझं चमचाभर पाणी तिला चालत नाही?”

“तुझ्या रक्तात नुसता चहा,” बहीण म्हणाली. “मला उगाच पित्त व्हायचं.”

“हात वर करा,” बाई म्हणाल्या.

भाऊ लगेच भिंतीकडे वळला. दोन वर्षांत त्याने ती जागा एकदाही पाहिली नव्हती. घरी बहिणीने कूस खाजवली की हा ताटावरूनसुद्धा उठून जाई.

बाईंनी बोट फिरवलं. दाबून पाहिलं. मोजपट्टी लावून रुंदी पाहिली.

“खाज?”

“नाही.”

“ओढ?”

बहिणीने हात ताणला, कानामागे नेला, पाण्यात मारावा तसा पुढे फेकला. पुन्हा फेकला. “नाही हो!” तिचा आवाज चढला. “कुठेच नाही!”

“सगळ्यांनाच इतका गुण येतो असं नाही हं. वर्षभर लक्ष ठेवू,” म्हणत बाईंनी सुई ट्रेमध्ये परत ठेवली. “पण बसलाय व्रण. आज काही टोचायचं नाही.”

“देवा, तुझीच रे कृपा!” बहिणीने डोळे मिटून हात जोडले. मग एक डोळा उघडला. “अरे, भिंतीला काय तोंड दाखवतोस? इकडे बघ.”

भाऊ हळूहळू वळला. बरगडीखालून पाठीकडे एक फिकट रेघ गेली होती, झोपेतून उठल्यावर उशीची गालावर राहते तेवढीच. तो वाकला. डोळे पुसले, पुन्हा वाकला.

“झालं असेल बघून तर सदरा खाली करू दे,” बहीण म्हणाली. “पंख्याचं गार लागतंय.”

“थांब गं ताई,” तो म्हणाला. “अजून बघतोय.”