एकही स्क्रू नाही

सॅन होजेला जुन्या कॉम्प्युटरवेड्यांचा मेळावा भरला होता. रसेल हॅगर्टी आपल्या गाजलेल्या कॉम्प्युटरवरून हात फिरवत म्हणाला, "ही गोलाई माझी. कुठे एक तरी स्क्रू दिसतोय? आत बघायचं तर फोडावाच लागेल. पण इतकं देखणं रूप फोडेल कोण?"

पहिल्या रांगेतली एक म्हातारी उठली. पिशवीतून हातोडा काढून तिने कॉम्प्युटरवर तीन घाव घातले. सिक्युरिटीवाल्याने तिला फरशीवर आपटलं. तिचा ओठ फाटला.

"लिओना!" रसेल ओरडला. "या खोक्याचे प्लॅस्टिक ओतायचे साचे घासणारी तू! चाळीस वर्षं झाली, अजून जळतेस होय गं?"

ती रक्त थुंकून म्हणाली, "ज्याचं डिझाइन, त्याची सही साच्यात आतल्या बाजूने कोरायची, ही आपलीच रीत ना? मग वाच."

फुटक्या तुकड्यावर उठावदार अक्षरं होती : लिओना ट्रास्क.

"या एकातच काहीतरी लबाडी केलीय हिने!" रसेल म्हणाला.

मेळाव्यात माझाही तसलाच कॉम्प्युटर मी मांडला होता. तीस वर्षं त्यावर ओरखडा पडू दिला नव्हता. तो डोक्यावर उचलला आणि रसेलच्या पायाशी आपटला.

आतून लिओना ट्रास्कच निघाली.