होडीतली ओल

हातोडी कधी खोटं बोलत नाही. ते काम बहिणींचे नवरे करतात.

“कोरडी ठणठणीत आहे रे,” होडीत पाय पसरून बसलेले दाजी म्हणाले. उद्या ते ताईला याच जुन्या फायबरच्या होडीतून समुद्रात नेणार होते. ताईचा भाऊ, होड्यांचा कारागीर, संतापून होडीचा तळ हातोडीने ठोकून बघत होता. सुक्या जागी ‘टण’ वाजतं, आत पाणी मुरलं असेल तर ‘थप’. इथे सगळीकडे थप.

“ताईचा जीव म्हणजे खेळ वाटला तुम्हाला?” त्याने तळाचा तुकडाच कापून काढला. फायबरच्या थरांमधलं लाकूड खडखडीत कोरडं.

“बघ! उगाच माझ्या नावाने शंख करतोस,” दाजी हसले.

रागाच्या भरात त्याने हातोडीचा दांडा त्यांच्या छातीवर आपटला.

थप.

दाजींचं हसू थांबलं. कोरड्या बाहीतून पाणी ठिबकू लागलं.

कारागिराला फक्त होड्या दुरुस्त करता येत.