पहिला की दुसरा

ज्या खोलीत आवाज चारी बाजूंनी येतो तिलाच घर म्हणावं, असं हेमचंद्रचं ठाम मत होतं. हे मत त्याला शुक्रवारी साउंडबारच्या माहितीपत्रकात सापडलं होतं. रविवारी दुपारी आयर्लंडमधल्या लिक्सलिप गावी आपल्या दिवाणखान्यात, टीव्हीच्या मागे पालथा पडून, तो त्याची शहानिशा करत होता.

टीव्हीखाली दोन लांबट काळे बार मांडले होते. आवडेल तो ठेवा, दुसरा, नाहीच आवडले तर दोन्ही, रविवारी सहाच्या आत परत आणा, असं दुकानदार म्हणाला होता. फक्त खोका आणि वेष्टन धड हवं. वेष्टनाचं हेमचंद्रला सांगायची गरज नव्हती. कारखान्यात तो डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात गुंडाळून कॉम्प्युटरच्या चिप बनवायचा, आणि घरी बाकीच्या वस्तू गुंडाळलेल्या असायच्या. रिमोट पिशवीत, खुर्च्यांना दुकानातली कव्हरं, सोफ्यावर बसलं की प्लॅस्टिक चुरचुरायचं. सात वर्षं झाली होती. परत जाताना विकायला बरं पडतं, असं तो म्हणायचा.

आता परत जाण्याचं खरंच निघालं होतं. कंपनीने पुण्याच्या ऑफिसात जागा देऊ केली होती आणि सोमवारी सकाळी हो की नाही ते सांगायचं होतं. त्याच्या बायकोने, विभावरीने, महिनाभर विचारून पाहिलं. आज सकाळी तिने विचारणं सोडलं.

"एक बार ठेवलास तर आपण राहतोय, असं मी समजेन," ती म्हणाली. "दोन्ही परत केलेस तर जातोय. म्हणजे तुला बोलायला नको."

तेव्हापासून हेमचंद्र बसला नव्हता.

तीनच्या सुमाराला डब्लिनजवळच्या सिटीवेस्टहून त्याचा मित्र पद्माकर आला. पद्माकरने इथे घर घेतलं होतं, गवत कापायचं मशीनही घेतलं होतं, त्यामुळे त्याच्या मतांना वजन होतं.

"हेम्या, डोळे बांधून ऐकायचं असतं रे. नाहीतर किंमत ऐकू येते." त्याने खुर्चीवरची विभावरीची ओढणी उचलून स्वतःच्या डोळ्यांना बांधली. "आणि आवाज कमीजास्त करायचा नाही. तुलना फसते."

लेकीच्या, मुक्ताच्या, बारशाची डीव्हीडी लावली. हेमचंद्र टीव्हीच्या मागे हात घालायचा, अंदाजाने एका बारची केबल खुपसायचा, त्या बारचा निळा दिवा लावायचा आणि "पहिला" म्हणायचा. मग ती काढून दुसऱ्याची खुपसायचा, दुसऱ्याचा दिवा, "दुसरा". पडद्यावर बायका पाळण्याभोवती गलका करत होत्या.

"दुसऱ्याचा बेस गोल आहे," पद्माकर म्हणाला. "पहिला जरा बोचतो. पण पाळणा म्हणणाऱ्या त्या आजी पहिल्यात कशा सुट्ट्या ऐकू येतायत बघ."

"मला पण अगदी तेच वाटलं," हेमचंद्र म्हणाला. त्याला काहीही वाटलं नव्हतं, आणि त्यानेच तो घाबरला होता.

"डॅड, इट्स द सेम," गालिच्यावर पडलेली मुक्ता पुस्तकातून मान वर न करता म्हणाली.

"नीट कान देऊन ऐक."

"दे आर बोथ ग्रँड," म्हणजे दोन्ही ठीकच, असं म्हणून ती पुस्तक घेऊन वर निघून गेली.

विभावरी चहा घेऊन आली. "वहिनी, आता तुम्ही बसा," पद्माकरने ओढणी सोडून जागा दिली. ती बसली, सोफा चुरचुरला, तिने डोळे मिटले. डीव्हीडीत कुठेतरी कुकरची शिट्टी झाली, तशी ती गॅस बारीक करायला अर्धवट उठली आणि परत बसली.

"मागून येतोय ना आवाज?" हेमचंद्रने विचारलं.

"येतोय."

"कुठल्या कोपऱ्यातून?"

"आईच्या स्वयंपाकघरातून."

त्याने घाईघाईने केबल बदलली. "आणि आता?"

"तिथूनच."

पद्माकरने बिस्किट चहात जरा जास्तच वेळ धरलं आणि ते तुटलं. जाताना दारात तो हळूच म्हणाला, "दुसराच घे. याचं माप ह्या खोलीचं आहे. तिकडे नेलास तर परत पहिल्यापासून."

हेमचंद्रने मग जिन्यावर बसून ऐकलं, दारात उभं राहून ऐकलं, भिंतीला पाठ लावून ऐकलं. सहा वाजत आले.

"दुसरा ठेवू या," तो म्हणाला.

"म्हणजे राहायचं."

"अगं, जमीन-अस्मानाचा फरक आहे. कान खोटं बोलत नाहीत."

"ठीक," विभावरी म्हणाली. ती आत गेली, कात्री घेऊन आली आणि सोफ्याचं प्लॅस्टिक कापायला लागली. हेमचंद्रच्या तोंडात विकण्याचं वाक्य आलं होतं, ते त्याने गिळलं. आत सोफा निळा निघाला. दुकानात असताना निळाच होता, हे दोघंही विसरले होते.

पहिला बार खोक्यात भरायला म्हणून त्याने त्याची केबल उचलली. टोकावर पारदर्शक प्लॅस्टिकचं इवलंसं टोपण होतं, कंपनीने बसवलेलं. ते असताना केबल कुठेही आत जात नाही.

कात्री सोफ्याच्या दुसऱ्या हातापर्यंत पोचली होती. त्याने टीव्हीच्या मागून दुसऱ्या बारची केबल ओढून पाहिली. तिलाही टोपण होतं.

दुपारभर वाजत होता तो नुसता टीव्हीच.