नेल्लोच्या फायलीतलं पत्र

"खाली बस," आयडा कुजबुजली. "खिडकीतून दिसशील."

सुलेखा स्वयंपाकघरात जमिनीवरच बसली. दुपारचे दोन वाजले होते. रस्त्यापलीकडे एक तपकिरी गाडी दहा मिनिटांपासून उभी होती. आत कुणीतरी बसलेलं होतं. ब्याऐंशी वर्षांची आयडा ओट्याला पाठ टेकून सुलेखाशेजारी बसली होती.

हॉर्न वाजला. मग दारावर थाप पडली. आयडाने सुलेखाचा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली.

"सुलेखा, अगं लायब्ररीत जायचंय ना? किती वाट बघू यार!"

एकनाथ होता. सुलेखासारखाच नागपूरचा, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. गाडी त्याने कालच घेतली होती.

वाटेत तो म्हणाला, "म्हातारी तुलाही वेडं करणार बघ. अपार्टमेंट शेअर कर ना कुणाबरोबर. कशाला राहतेस तिथे?"

"तिला खरंच भीती वाटते रे."

"साठ वर्षांपूर्वीच्या, इटलीतल्या माणसांची? इथे अमेरिकेत, स्टेट कॉलेजसारख्या गावात?"

हल्ली कॅम्पसच्या बसमधून उतरल्यावर सुलेखाही मागे वळून बघायची, हे तिने त्याला सांगितलं नाही.

ती इतिहासात पीएच.डी. करत होती. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इटलीत फॅसिझम कसा रुजला, त्यातही लहान गावांत कसा रुजला, हा तिचा विषय. धर्मांतरानंतर तिच्या वडिलांच्या गावाने त्यांच्या वस्तीवर बहिष्कार टाकला होता. रोज रामराम करणारी माणसं एका दिवसात तोंड फिरवून बसली. पहिला शब्द कुणी काढला, हे वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही. सुलेखाला ते कोडं लहानपणापासून छळायचं.

योगायोगाने तिला खोली मिळाली ती आयडाच्या घरात. आयडा इटलीतल्या एका लहान गावातून लग्न होऊन पेनसिल्व्हेनियातल्या एका खाणकामगाराकडे आलेली, आता विधवा. सुलेखा तिला मावशी म्हणायची. शब्दाचा अर्थ कळल्यावर आयडाला तो आवडला होता.

"मी नऊ वर्षांची होते," आयडाने पहिल्यांदा सांगितलं ते असं. "फॅसिस्टांचे काळे शर्टवाले ट्रक भरून आले. शेतमजुरांच्या संघटनेचं ऑफिस जाळलं. पुढाऱ्याला चौकात खुर्चीला बांधून बाटलीभर एरंडेल पाजलं. त्याचे कपडे घाण झाले आणि लोक हसले. आमचे शेजारी. मला त्या हसण्याची भीती वाटली."

"आणि नंतर?"

"नंतर पेपर बंद झाले, दुसरे पक्ष बंद झाले. शाळेत हुकूमशहाचा फोटो लागला, मुलं गणवेशात कवायत करायला लागली. मग ट्रकची गरज उरली नाही. लोकच कागद-पेन घेऊन बसले."

तिचा थोरला भाऊ नेल्लो गावात मास्तर होता. बत्तीस साली त्याच्याविरुद्ध पोलिसांकडे निनावी पत्र गेलं. त्याला एका बेटावर हद्दपार केलं. दुसऱ्या हिवाळ्यात तो छातीच्या दुखण्याने तिथेच गेला.

"ते पत्र लिहिणारं माणूस अजून जिवंत आहे," आयडा म्हणाली.

"तुम्हाला कसं माहीत?"

"माहीत आहे."

सुलेखाला वाटलं, नाव कळलं तर ही भीती संपेल. तिने रोमच्या दप्तरखान्याला पत्र लिहून नेल्लोच्या फाईलची प्रत मागवली. आयडा आधी म्हणाली, "नको." मग रोज विचारायला लागली, "आलं का?"

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. शेवटी सुलेखाने रोमला फोन केला. पलीकडची बाई म्हणाली, पाकीट सहा आठवड्यांपूर्वीच पाठवलंय.

हे ऐकून आयडा पांढरीफटक पडली. "बघितलंस? कुणीतरी आपलं टपाल काढून नेतं."

त्या दिवसापासून पडदे उघडले गेले नाहीत. आयडाने जेवण टाकलं. दाराला तिसरी कडी बसली. सुलेखा स्वतःला समजावायची, की पाकिटं हरवतात. तरीही घरी येताना ती आधी कोपऱ्यावर थांबून रस्ता न्याहाळायची.

दुसरी प्रत तिने डिपार्टमेंटच्या पत्त्यावर मागवली, आणि घरी काही बोलली नाही. एप्रिलमध्ये ती आली. एकटीने उघडायला सुलेखाचं मन घेईना. ती पाकीट तसंच घरी घेऊन गेली.

"मावशी, आलं."

आयडाने रेडिओ बंद केला. टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन ती बसली. हात मांडीवर.

"वाच," ती म्हणाली. "मोठ्याने."

पत्र एकाच पानाचं होतं. सुलेखा इटालियन सावकाश वाचायला लागली. शाळामास्तर नेल्लो सरकारविरुद्धची पत्रकं शाळेच्या कपाटात लपवतो. शनिवारी मुलांना कवायतीला पाठवत नाही. त्याच्या घरी परके लोक येतात. घरातल्या इतरांचा याच्याशी काही संबंध नाही, त्यांना त्रास होऊ नये. देशावर प्रेम करणारा एक नागरिक.

"सही नाही," सुलेखा म्हणाली. तिचा आवाज खाली आला. "सॉरी, मावशी. नाव कुठेच नाही."

सुलेखाने पान पुन्हा पाहिलं. "थांबा. सुरुवातीला दोन शब्द खोडलेत. वर 'शाळामास्तर' लिहिलंय. खालचं वाचता आलं तर काहीतरी कळेल."

ती उठली. पडदा थोडा सरकवून तिने कागद उजेडात धरला, वाकडा केला, डोळ्यांजवळ नेला. शाई फार दाट गिरवली होती. एकही अक्षर लागेना.

"'माझा भाऊ'," मागून आयडा म्हणाली. "मी सवयीने लिहून गेले. मग खोडलं."