टाकीखालचा जोड

सकाळचे पावणेसात वाजले होते आणि मिस्त्रींचा उजवा तळवा इंजिनावर टेकलेला होता. इंजिन थंडगार होते. जुनी गाडी पाहायला जायचे, तर ती आदल्या रात्रीपासून कुणी चालू केलेली नसावी, हा त्यांचा तीस वर्षांचा दंडक. तापवून ठेवलेले इंजिन खोटे बोलते, असे ते म्हणत. त्यांनी किक मारली. पहिल्याच किकेला गाडी सुरू झाली. मग लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते डॉक्टरांसारखे ऐकत राहिले.

त्यांची मुलगी श्वास रोखून उभी होती. महिनाभरात बाबांनी दहा गाड्या नाकारल्या होत्या. एकीची साखळी रडत होती, दुसरीचा धूर निळा होता, तिसरी बाहेरून नवरी आणि आतून म्हातारी निघाली होती. सोमवारी तिला घरोघरी जाऊन रुग्णांची शुश्रूषा करण्याच्या नोकरीवर हजर व्हायचे होते. स्वतःचे वाहन नसेल, तर ती जागा दुसरीला जाणार होती. आज शनिवार होता.

"बाबा, हिच्यात तरी काही काढू नका हं," ती पुटपुटली.

"मी कुठं काढतो? असतं ते दिसतं."

गाडीचे मालक निवृत्त मास्तर होते. त्यांनी ती चार वर्षांपूर्वी जुनीच घेतली होती. आता गुडघे साथ देत नव्हते. अंगणाच्या पायरीवर एक कुरिअरवाला मांडीवर हेल्मेट घेऊन बसला होता. त्याचा नंबर दुसरा होता. त्याची चार वर्षांची पोर त्याच्या खांद्याला लोंबकळत होती.

"सावकाश बघा, काका," तो हसून म्हणाला. "तुम्ही नाही म्हणालात, की गाडी आमची. राणीसरकारांनी टाकीवरची जागा आत्ताच धरून ठेवलीय."

मिस्त्रींनी इंजिन बंद केले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होते. मुलीने ते ओळखले. आता टाकीखालची तपासणी तेवढी राहिली होती. त्यांनी सीट काढली, पेट्रोलची नळी सोडवली आणि टाकी अलगद उचलून बाजूला ठेवली. चेसिसच्या मधल्या नळीवर चकचकीत काळा रंग होता. त्यांचा अंगठा तिच्यावरून पुढे गेला, मागे आला आणि एका जागी थांबला. नखाने त्यांनी रंगाचा पापुद्रा खरवडला. मग खाली वाकून टॉर्च धरला.

ते बराच वेळ वर उठले नाहीत. मुलीला त्यांच्या कानशिलावरची शीर उडताना दिसली.

"काही आहे का हो?" मास्तरांनी काळजीने विचारले. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. दिली तशी चालवली."

मिस्त्रींनी मास्तरांकडे पाहिले. मग पायरीकडे पाहिले. कुरिअरवाला उठून उभा राहिला होता.

"मग काय काका, सोडली?"

"घेतली," मिस्त्री म्हणाले.

मुलीचा जीव भांड्यात पडला, पण घटकाभरच. खिळ्यांच्या पुडीसाठी घासाघीस करणाऱ्या बाबांनी मास्तरांचा भाव एका शब्दानेही खाली आणला नाही. ती पैशांसाठी पर्स उघडू लागली, तेव्हा त्यांनी तिचा हात अडवला. "तुझे राहू देत. मास्तर, कागद माझ्या नावावर करा."

"अहो बाबा, गाडी माझी ना?"

"आधी घरी चल."

"नशीब काढलंत, ताई," कुरिअरवाला पोरीला कडेवर घेत म्हणाला. "बाप असावा तर असा."

तिला नवी गाडी चालवून पाहायची होती. त्यांनी किल्ली दिली नाही. आपली गाडी तिच्या हवाली करून ते स्वतः त्या गाडीवर बसले आणि सबंध रस्ताभर बैलगाडीच्या वेगाने, कडेकडेने चालले. मागून येणारे लोक हॉर्न वाजवत होते. त्यांनी एकदाही मान वळवली नाही.

गॅरेजमध्ये शिरताच त्यांनी टाकी पुन्हा उतरवली आणि ग्राइंडर हातात घेतला. चकती नळीला भिडली. ठिणग्यांचा झोत उडाला. क्षणभर तिला काही कळेना. मग तिने धावत जाऊन प्लग उपटला.

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"चेसिस मोडलेली आहे. वरून पत्ती मारून जोडलीय. जोराचा खड्डा आला, की दोन तुकडे."

"मग नाही म्हणायचं! घेतलीत कशाला?"

"मी नाही म्हणालो असतो, तर त्या माणसानं घेतली असती. पुढं पोर बसवून."

"त्याला तिथंच सांगायचं होतं."

"त्यानं ऐकलं असतं. मास्तरांनी दुसऱ्याला विकली असती. रंगाखालचं कोण बघतं?" ते थांबले. "ही कापून भंगारात जाईल. सोमवारी माझी गाडी ने. तुझी मिळेपर्यंत तीच वापर."

तिचा आवाज उतरला. "पण बाबा, लोकांच्या पापाची भरपाई तुम्ही का करायची?"

मिस्त्रींनी अंगठ्याने नळीवरचा उरलेला रंग पुसल्यासारखे केले.

"सहा वर्षांपूर्वी एकजण अपघातातली गाडी घेऊन आला होता. सरळ करून द्या, विकायचीय, म्हणाला. मी म्हटलं, विकणारा जाणे आणि घेणारा जाणे." त्यांनी तिच्याकडे पाहिले नाही. "हा जोड माझ्या हातचा आहे."

ती हातात वायर धरून उभी राहिली. मग भिंतीपाशी गेली, तिने प्लग पुन्हा बसवला, आणि परत येऊन चकतीखाली हलू नये म्हणून गाडीचे हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरले.