पोकळ कुर्ली

द्वारका तांडेल खाडीतली कुर्ली उलटी करून पोटावर अंगठा दाबायची. "ही पोकळ आसा, सायबानू. नुकतीच कात टाकल्यान."

खेकड्यांमधल्या चरबीवर संशोधन करणारे डॉ. देवस्थळी वहीतून मान वर न करता म्हणायचे, "बाई, तुम्ही फक्त पकडून द्या. बाकीचं यंत्र सांगेल."

तीन वर्षांनी त्यांनी गावच्या शाळेत निष्कर्ष वाचले. कात टाकल्यावर कुर्ली पोकळ होते आणि अंडी धरताना तिची चरबी अंड्यांत जाते, हा त्यांचा शोध होता. द्वारकेबरोबर कुर्ल्या पकडणाऱ्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

द्वारका उठली. "अंडी धरलेल्यो माद्यो परत सोडूचो शब्द तुमी माका दिल्लास. सोडलास?"

"सोडल्या असत्या तर चरबी कशी मोजली असती?" ते हसले. "तुम्हाला नाही समजायचं ते."

"समाजला," ती शांतपणे म्हणाली. "आता तुमीच चिखलात उतरा." सगळ्या बायका तिच्यामागून निघून गेल्या.

पुढच्या मोसमात साहेब खरंच उतरले. सकाळभर खपून कुर्ली एकही मिळाली नाही, डावा बूट मात्र चिखलात राहिला. काठावर जाळं शिवत बसलेल्या द्वारकेने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. तिला हसूसुद्धा आलं नाही.